अप्पांचं दुपारचं ताट

१

केडगावात, पुणे रोडपासून दोन गल्ल्या आत असलेल्या त्या कॉलनीत कंपोस्टचं खूळ कुणी आणलं म्हणाल, तर लीनानं. आधी सगळ्या बायकांनी नाकं मुरडली. मग तिच्या कुंड्यांतली वांगी पाहिली आणि एकेक करून सगळ्या तिच्या मागच्या अंगणात हजर झाल्या. महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी, ती ड्रम उघडून दाखवायची. भोकं पाडलेला निळा ड्रम, तळाला विटांचे तुकडे, वर सुका पाला, मग भाजीची देठं, पुन्हा पाला, त्यावर आंबट ताकाचं पाणी. बोलायचीही अगदी झोकात. गणिताच्या शिकवण्या घेणारी बाई ती, समजावून सांगायची सवयच. "घरातला एक कण वाया जाता कामा नये," हे तिचं ठरलेलं वाक्य.

त्या रविवारीही तिनं झोकात झाकण उघडलं आणि बोलता बोलता अडकली.

पाल्याच्या थरावर, उजव्या कडेला, भाताच्या पाच इवल्याशा राशी होत्या. एका ओळीत, प्रत्येक रास बोराएवढी. पांढराशुभ्र भात, वर तुपाची चमक. त्याच्या डाव्या बाजूला पाला गोलाकार ओला झालेला, कुणी ओंजळीतलं पाणी फिरवून सोडावं तसा.

शेजारची विजयमाला पुढे वाकली. ही मूळची पाथर्डीकडची, मनाची मोकळी आणि जिभेला हाड नसलेली. "आवं ताई, शिजल्यालं घालायचं न्हाई म्हनता, आन् तुमीच भात घातलाय व्हय?"

बायका हसल्या. लीनाही हसली. "अगं, थोडा चालतो," असं म्हणत तिनं चटकन हातानं पाला पुढे ओढला आणि राशी झाकून टाकल्या. पुढचं सगळं ती काय बोलली, तिचं तिलाच आठवलं नाही.

बायका गेल्यावर ती ओट्यापाशी येऊन उभी राहिली. काल एकादशी होती. घरात साबुदाणा आणि वरईचे तांदूळ झाले होते. भाताचं शीतसुद्धा शिजलं नव्हतं.

२

त्या राशी कसल्या, हे लीनाला पाहताक्षणीच कळलं होतं. कळलं नसतं तर बरं झालं असतं.

तिचे सासरे, अप्पा, नगरच्या एका शाळेत संस्कृत शिकवून रिटायर झालेले. जेवायला बसले की आधी ताटाभोवती उजव्या हातानं पाणी फिरवायचे आणि ताटाच्या उजवीकडे भाताचे पाच छोटे घास मांडायचे. चित्राहुती. काही घरांतले पुरुष अजूनही मांडतात, पण अप्पा मांडायचे ते बघत राहावं असं. सगळ्या एका मापाच्या, सगळ्यांत सारखं अंतर. लग्न होऊन आली तेव्हा लीनाला त्याचं केवढं कौतुक होतं!

मग अप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली, बोलणं पुसट होत होत बंद झालं. उजवा हात तेवढा राहिला, तोही थरथरता. पण म्हातारा हट्टी. भरवून घेणार नाही म्हणजे नाही. पाणी फिरवायचं, आहुती मांडायच्या, मग एकेक घास. एक घास तोंडापर्यंत जाईतो लीनाची एक पोळी लाटून भाजून व्हायची. कधी हात मधेच हवेत राहायचा. झालं बहुतेक, असं समजून लीनानं ताटाला हात लावला की अप्पा बोटातली चांदीची अंगठी ताटाच्या काठावर वाजवायचे. टण, टण. म्हणजे थांब, अजून व्हायचंय.

रात्री नृसिंह, तिचा नवरा, वडिलांजवळ बसायचा. त्याला कंटाळा कसा तो माहीत नव्हता. दुपार मात्र लीनाची. आणि दुपारी जेवणं होतात न होतात तोच दहावीची बॅच दारात.

पहिल्यांदा ताट उचललं तेव्हा तिला वाईट वाटलं होतं, अगदी मनापासून वाटलं होतं. बेल वाजत होती, अप्पांचे जेमतेम दोन घास झाले होते. ती म्हणाली, "झालं ना अप्पा? उचलते." अंगठी वाजली. तिनं ताट उचललं. थोड्या वेळानं नृसिंहचा सुप्याच्या कंपनीतून फोन, "अप्पा जेवले?" ती म्हणाली, "हो, पोटभर."

दुसऱ्यांदा तेवढं वाईट वाटलं नाही. पुढे पुढे अप्पांनी आहुती मांडल्या की लगेच ताट उचललं जाऊ लागलं. रोज. विजयमालानं एकदा भिंतीवरून हाक मारून सांगितलं होतं, "ताई, उरलंसुरलं ठिवत जावा, आमच्या शेळीला हुईल." पण मग किती उरतं ते विजयमालाला दिसलं असतं. कचऱ्याच्या गाडीत टाकावं तर गाडीवरची बाई बोलली असती. ड्रम बरा. भात, वरण, भाजी, शेवटी त्या पाच आहुती, वर पाला आणि झाकण. लीनाचा तो निळा ड्रम त्याच वर्षी आला होता.

अप्पा वाळत गेले. डॉक्टर म्हणाले, वय झालंय. नृसिंह त्यांना म्हणाला, "जेवण तर व्यवस्थित आहे हो त्यांचं. ही जातीनं बघते." लीना तिथेच उभी होती. मार्गशीर्षात अप्पा गेले.

३

आता गणिताची बाई म्हटल्यावर कारण शोधणारच. खार असेल, तिनं ठरवलं. कुणाच्या घरचा भात उचलून आणला असेल. पण खारी पाणी फिरवतात का? मग पाला दवानं ओला झाला असेल. आणि ओळीत मांडलं ते? योगायोग. मुलांना ती स्वतः संभाव्यता शिकवते, असे योगायोग होतात.

तरी तिनं ड्रम रिकामा केला, उन्हात वाळवला आणि भंगारवाल्याला देऊन टाकला. बायकांना म्हणाली, "प्लास्टिक नकोच. मडक्यातलं खत उत्तम." भिंगारच्या बाजारातून भोकं पाडलेली तीन मडकी आणली, एकावर एक ठेवून उतरंड रचली. साली, देठं, चहाचा चोथा, नारळाच्या शेंड्यांचा भुसा. शिजलेलं शीतही नाही. आठवडाभर रोज दोनदा झाकण उघडून बघायची. काही नाही. तिचा जीव भांड्यात पडला.

मग एका दुपारी ती मुलांना वर्गसमीकरणं शिकवत होती आणि मागून आवाज आला. टण, टण.

"कंपासपेटी कोण वाजवतंय?"

"कुणीच नाही मॅडम."

टण, टण. मुलांनीही माना वळवल्या. लीनाच्या मनात आलं, नृसिंह आला असेल. अप्पा गेल्यापासून ती अंगठी त्याच्या बोटात होती. तो पेल्यावर, गाडीच्या हँडलवर सहज वाजवायचाही. पण नृसिंह सुप्याला होता. मुलांना गणित घालून ती मागे गेली.

वरच्या मडक्यात, काकडीच्या सालींवर, पाच राशी. तिनं मन घट्ट करून एकीला बोट लावलं. भात गरम होता.

खत तापतंच. बायकांना ती स्वतः सांगायची, हात घालून बघा, गरम लागलं की समजा काम चालू आहे. तिनं शेजारच्या सालींत हात घातला. साली गार पडल्या होत्या.

त्या संध्याकाळी ती पोळ्या करत असताना नृसिंह स्वयंपाकघराच्या दारात टेकून उभा राहिला. "वर्ष होत आलं बघ अप्पांना. मला एकच समाधान आहे. माणूस पडून होता, पण उपाशी नाही गेला. तुझ्यामुळे गं. माझ्या बहिणीनंसुद्धा एवढं केलं नसतं."

तव्यावरची पोळी करपली.

"अहो," लीना म्हणाली.

"काय?"

सांगून टाक, सांगून टाक, असं आत कुणीतरी म्हणत होतं. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. इतका भला माणूस. त्याच्याजवळ बापाचं एवढंच उरलंय आणि तेही आपण काढून घ्यायचं?

"काही नाही. पानं घेते," ती म्हणाली.

४

मडकी भिंतीशी पालथी पडली आणि गांडुळं आली. एका नर्सरीतून तिनं पिशवीभर गांडुळं आणली, क्रेटमध्ये शेणखताचं अंथरूण केलं, वर ओलं गोणपाट. तिचा हिशोब सरळ होता. गांडुळं दिसेल ते खातात. जे काही येतं ते येऊ दे, सकाळपर्यंत फस्त होईल आणि आपल्याला बघावं लागणार नाही. असं बघायला लागतंय हेच तर तिला सोसत नव्हतं.

दोनचार दिवस ती तिकडे फिरकलीच नाही. मग एका दुपारी शिकवणी सुटल्यावर गोणपाट उचललं.

गांडुळं सगळीच्या सगळी डाव्या बाजूला गोळा झाली होती. एकमेकांवर चढलेली, क्रेटच्या भिंतीवरून वर निघालेली. उजवीकडची माती उघडी. त्या मातीत एक गोल उमटला होता, ताट टेकवून ठेवल्यावर उमटतो तसा, काठाच्या गोल पट्टीसकट. त्या गोलाच्या उजवीकडे पाच राशी.

"ताई!" भिंतीवरून विजयमालाचं डोकं आलं. लीनानं गोणपाट टाकलं. "लई ग्वाड वास सुटलाय. वरन-भात व्हय? ह्या टायमाला?"

"नाही गं. काही नाही."

"मला वाटलं कोन आलंय जेवायला." विजयमाला भिंतीवर कोपर टेकून ऐसपैस उभी राहिली. "ताई, एक इचारू? तुमी अप्पांचं कसं केलं वो एवढं? आमची सासू हातरुनात हुती तवा मला लई राग यायचा. एक घास गिळायला अर्धी दुपार. एकदा म्या ताटच आपटलं तिच्यापुढं. बगत राह्यली नुसती माझ्याकडं. आजून ते डोळ्यापुढं आलं की घास उतरत न्हाई. तुमी लई शांत, देवमानूस."

लीनाला वाटलं, हिच्याजवळ बोलावं. हिला कळेल. ही ओरडणार नाही, उलट जवळ घेईल. शब्द अगदी ओठांवर आले होते.

"होतं गं असं. मनाला लावून घेऊ नकोस," ती म्हणाली. वरून तिची समजूतही घातली. विजयमाला डोळे पुसत आत गेली आणि लीनाला स्वतःची किळस आली.

५

"खड्डा करू या," ती नृसिंहला म्हणाली. "मागे शेवग्याखाली. खड्ड्यात सगळं जिरतं, उकरायला लागत नाही."

नृसिंहनं रविवारी बनियनवर उभं राहून कमरेइतका खड्डा खणला. त्याला मजा आली. "काय गं तुझे प्रयोग," असं म्हणत तिला चिडवलंदेखील. लीनानं त्यात मडक्यांतून काढून ठेवलेलं, क्रेटमधलं, होतं नव्हतं ते सगळं ओतलं. वर पाला, वर माती, सगळ्यावर जुना पत्रा आणि पत्र्यावर दोन विटा. रविवारची बायकांची शाळाही तिनं बंद केली. म्हणाली, "आता तुम्हाला येतंय की सगळं."

पण दुपार रोज व्हायची. एकटी जेवायला बसली की पहिला घास तोंडाशी नेता नेता तिचा हात थांबायचा. मागून, पत्र्याखालून, बारीक आवाज. शेवग्याची शेंग पडली असेल. शेंगांचे दिवस नव्हते. ऊन लागून पत्रा वाजतो, तसा वाजला असेल. पत्रा सावलीत होता. तिचं जेवण राहून जायचं, ताट तसंच उचललं जायचं, आणि ते उष्टं कुठे टाकायचं ते तिला समजायचं नाही. शेवटी ती शेळीला देऊ लागली. विजयमाला म्हणाली, "ताई, तुमी जेवता का न्हाई? पार वाळलाय."

वर्षश्राद्ध जवळ आलं. नृसिंहनं गुरुजींना सांगितलं, बहिणीला फोन केला. "अप्पांना आवडायचं ते सगळं कर," तो म्हणाला. लीना यादी मनात जुळवत होती आणि मधेच तिला वाटलं, उद्या सगळ्यांदेखत त्यांच्या नावानं पान वाढायचं, हात जोडायचे आणि म्हणायचं तृप्त व्हा. कोणत्या तोंडानं म्हणायचं? त्याआधी एक दुपार त्यांना द्यावी. पूर्ण दुपार. ताटाला हात लावायचा नाही. मग नृसिंहलाही सांगता येईल कदाचित.

६

श्राद्धाच्या आदल्या दिवशी नृसिंह कामावर गेला. सामान घेऊन दुपारी लवकर येतो म्हणाला. लीनानं मऊ भात लावला, हिंगाच्या फोडणीचं वरण, लाल भोपळ्याची भाजी, लिंबाची फोड. अप्पांचं ताट वर्षभर फळीवर पालथं होतं, ते काढून घासलं. वाढून ती मागे आली. विटा काढल्या, पत्रा ताट मावेल एवढाच सरकवला. आत तिनं नीट पाहिलं नाही. ताट ठेवलं, टेकलं, म्हणजे खड्डा बराच भरलेला होता. शेजारी ती जमिनीवर मांडी घालून बसली.

"अप्पा, आज घाई नाही," ती म्हणाली. स्वतःचा आवाज ऐकून तिला लाज वाटली. पन्नाशीला आलेली बाई उकिरड्याशी बोलतेय. कुणी पाहिलं तर वेड्यात काढील.

ऊन चांगलंच होतं. वारा नव्हता. भाताची वाफ सरळ वर येत होती. बऱ्याच वेळानं वाफ आत वळली, पत्र्याखाली. लीनाच्या डोळ्यांची उघडझाप झाली आणि ताटाच्या उजवीकडे एक रास होती. ती बघत असताना काहीच हलत नव्हतं. पापणी लवली की एक रास वाढलेली. एका मापाच्या, सारख्या अंतरावर, पाच. लीनाला रडू आलं आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. जेवा अप्पा. सावकाश जेवा.

पुढच्या दाराची बेल वाजली. "मॅडम!" दहावीची बॅच. आज सुट्टी म्हणून कळवायचं ती साफ विसरली होती. पुन्हा बेल. आणि मनात काही नसताना लीनाचा हात सवयीनं पुढे झाला, तोंडही सवयीनं बोललं, "झालं ना अप्पा? उचलते."

टण, टण.

तिची बोटं ताटाच्या काठावर होती. समोरचा काठ पत्र्याच्या सावलीत होता आणि तिथे काहीतरी धरून होतं. आपण घाबरून ताट ओढू असं तिला वाटलं, पण तिनं ओढलं नाही. पलीकडून मात्र हलकेच ओढलं गेलं. ज्याच्या अंगात ताकद नाही त्यानं ओढावं, तेवढंच. तिनं काठ सोडला.

"अगं, पोरं दारात उभी आहेत आणि तू..." बाजूच्या बोळातून नृसिंह आला. दोन्ही हातांत सामानाच्या जड पिशव्या. त्यानं ताट पाहिलं आणि त्याचा चेहरा मऊ झाला. "अप्पांना वाढलंस?"

"हो."

"जेवले?" त्यानं विचारलं. फोनवर विचारायचा तसंच, थोडं हसून.

"हो, पोटभर," लीना म्हणाली. विचार करायच्या आत म्हणून गेली.

टण. टण. टण.

नृसिंहनं आधी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. अंगठी त्याच्या बोटात होती, बोटं पिशवीच्या बंदांत आवळलेली. त्यानं पिशव्या खाली ठेवल्या.

"थांबा," लीना म्हणाली. "अहो, थांबा ना!"

तो थांबला नाही. त्यानं पत्रा पुरता ओढून काढला.

लीना खड्ड्याकडे बघेना, ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्यानं खड्ड्याच्या काठावर एक गुडघा टेकला. मग म्हणाला, "इतकं?"

तेव्हा तिला बघावं लागलं. साली नव्हत्या, पाला नव्हता, माती नव्हती. काठोकाठ भात होता. पांढरा, वाफाळता, थरावर थर, मधून वरणाचा पिवळा ओघळ, आणि नजर जाईल तिथे पाच पाच राशी, एका मापाच्या. एकही खाल्लेला घास नव्हता.

"लीना, मी दुपारी फोन करायचो तेव्हा..."

"हो," ती म्हणाली. या वेळी तेवढंच म्हणाली.

पुढे बेल वाजत होती. "मॅडम! ओ मॅडम!" लीना उठायला गेली. नृसिंहनं तिचं मनगट धरलं. घट्ट धरलं, दुखेल इतकं. त्याचे डोळे भरलेले होते, पण आवाज अगदी साधा होता.

"बस खाली."

"पोरं आहेत..."

"बस. त्यांचं होऊ दे."

तो समोर मांडी घालून बसला. लीना बसली. बेल वाजून वाजून थांबली, मुलं बोलत बोलत निघून गेली. ताटातला एक घास सावकाश उचलला गेला, अर्ध्यावर आला आणि हवेत तसाच राहिला. दोघं त्याच्याकडे बघत बसली.